नानांची हजेरी

प्रिय इशान आणि मिहिका,

मिहू, पुढच्या आठवड्यात तू मैत्रिणींबरोबर जंगलातल्या त्याच रेल्वेने जाणार असल्याचं बाबाने सांगितलं. मागच्या वेळी तू चार वर्षांची होतीस, तुला काही आठवत नसेल. जाण्याआधी नाना आजोबा माहीत असावेत, म्हणून लिहिते.

नाना तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, भडगावचे शेतकरी. कुठल्याही प्रवासात गाडी हलण्यापूर्वी ते एकेकाचं नाव घ्यायचे आणि ज्याने त्याने ‘शे’ म्हणायचं. ‘शे’ म्हणजे अहिराणीत ‘आहे’. नुसती डोकी मोजलेली त्यांना चालत नसत. “पोता मोजतस, मानसे नही,” म्हणायचे. लग्नाच्या वऱ्हाडात ही हजेरी एवढी लांबायची, की ड्रायव्हर वैतागून हॉर्न दाबून धरायचा.

नाना, तुमचे आजोबा आणि मी असे तिघं तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात आलो तेव्हा तुमच्या बाबाने त्यांना बजावलं होतं, “नाना, हा भडगावचा स्टँड नाही. इथे ओरडू नका.” नाना म्हणाले, “बरं भो.” सकाळी त्या रेल्वेत बसल्यावर खरंच गप्प राहिले. मांडीवर लाडवांचा डबा, डोळे खिडकीबाहेर. दोन्ही बाजूंनी झाडं अशी दाटलेली, की डब्यात भरदिवसा हिरवा अंधार. “आठे ऊन कोठे पडस?” इथे ऊन पडतं तरी कुठे, एवढंच त्यांनी विचारलं.

धबधब्यापाशी गाडी थांबली. सगळे फोटो काढायला उतरले. शिट्टी झाल्यावर मी एका दाराने चढले, तुमची आई दुसऱ्या. मला वाटलं मिहू आईजवळ आहे, आईला वाटलं माझ्याजवळ. नानांना मात्र राहवलं नाही. हळू आवाजात त्यांनी सुरुवात केली.

“योगेश?”

“नाना, प्लीज,” तुमचा बाबा कुजबुजला.

“‘शे’ म्हन. इशान?”

“शे,” तू लाजत म्हणालास.

“मिही?”

कोणी बोललं नाही. तुमच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तोवर नाना दारातून उतरून गार्डबाईचा निशाणाचा हात धरून उभे होते. “थांब वं माय! मनी पोर खाले ऱ्हायनी!” तिला शब्द कळले नसतील, पण गाडी हलली नाही.

मिहू, तू कठड्याजवळ, माणसाएवढ्या उंच नेच्याच्या आड उकिडवी बसली होतीस आणि टर्कीसारख्या एका रानपाखराला नानांचा लाडू भरवत होतीस. नानांनी तुला कडेवर घेतलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मी तुनं नाव लिधं, तू ‘शे’ का बरं नही म्हनी?”

“शे!” तू भरल्या तोंडाने ओरडलीस.

डब्यातले अनोळखी लोकही हसले. तुमचा बाबा मात्र खिडकीकडे तोंड करून बसला, खांदे हलत होते. नानांनी तुला आईच्या मांडीवर दिलं, धोतराच्या सोग्याने स्वतःचं कपाळ पुसलं आणि हजेरी जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू केली. “स्वाती?”

तुमची आई रडत रडतच ‘शे’ म्हणाली.

आता नाना नाहीत. भडगावचं घर बंद आहे, शेत दुसरं कोणी कसतं. पण तुमचा बाबा तुमची नावं घेतल्याशिवाय अजून गाडी सुरू करत नाही. तुमच्या घरात अहिराणीचा एवढा एकच शब्द उरला आहे, आणि तो रोज वापरात आहे.