साक्ष दिली आणि गोळ्या सोडल्या

टीबीच्या गोळ्या मी सव्वादोन महिन्यांत बंद केल्या आणि त्याच रविवारी चर्चमध्ये उभं राहून ‘प्रभूनं मला पूर्ण बरं केलं’ अशी साक्ष दिली. कोर्स सहा महिन्यांचा होता.

तीन महिन्यांनी जिंतूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडाकडे धरला. त्या सकाळी मोरीत थुंकलो तेव्हा चमचाभर लाल रक्त पडलं होतं.

“गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या?”

“कोणी न्हाई, साहेब. बरं वाटायलं होतं.”

डॉक्टरांनी माझ्या बायकोकडे, सुशिलाकडे पाहिलं. तिनं छताच्या पंख्याकडे पाहिलं. खोकल्यातून रक्त येण्याला हिमॉप्टिसिस म्हणतात. शब्द अवघड, अर्थ सोपा : आता घरी जायचं नाही. दुपारी मी परभणीच्या सरकारी दवाखान्यात भरती झालो.

मी एस.टी.चा निवृत्त कंडक्टर. पन्नास माणसांसमोर उभं राहून मोठ्यानं बोलायची सवय नोकरी संपली तरी गेली नाही. आमच्या मंडळीत रविवारच्या भक्तीच्या शेवटी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, विचारतात, “कोणाला साक्ष द्यायची आहे का?” म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते चारचौघांत सांगायचं. त्यांनी विचारायच्या आधीच मी अर्धा उठलेला असायचो. खोकला थांबला होता, वजन वाढलं होतं, मग कशाला थांबतोय! आणि एकदा ‘पूर्ण बरा झालो’ म्हटल्यावर सोमवारी गोळी घ्यायची म्हणजे देवावर अविश्वास, असं माझं डोकं चाललं. पाळकसाहेबांनी गोळ्या सोडा म्हटलं नव्हतं. हा शहाणपणा माझा एकट्याचा.

पुढच्या रविवारी सुशिला एकटीच चर्चला गेली. पाळकसाहेब व्यासपीठावरून म्हणाले, “आपल्यातल्या एकानं देवाच्या घरात खोटी साक्ष दिली. त्याच्या घरात लपलेलं पाप आहे.” नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्या माना सुशिला बसली होती त्या तिसऱ्या बाकाकडे वळल्या. भक्ती संपल्यावर कमिटीच्या एका भावानं तिला बाजूला घेऊन सांगितलं की पुढचा निर्णय होईपर्यंत तुम्ही दोघांनी प्रभुभोजन घेऊ नये. प्रभुभोजनात आमच्याकडे भाकरीनंतर एकच प्याला सगळ्यांच्या हातून फिरतो. मला त्यातून वगळलं ते एकवेळ समजलं. सुशिलाला का?

तिनं हे मला खाटेजवळ उभ्यानंच सांगितलं. रडली नाही. डब्याचं झाकण मात्र तिनं तीनदा लावलं आणि तीनदा काढलं.

ज्या चर्चची घंटा मी बावीस वर्षं वाजवली, तिथून वॉर्डात कोणी आलं नाही. फोनही नाही.

सोमवारी सीबीनॅट झाली. या तपासणीत मशीन थुंकीतले टीबीचे जंतू शोधतं आणि मुख्य औषध त्यांच्यावर चालतं का, तेही सांगतं. माझा रिपोर्ट अर्धाच आला. जंतू आहेत. औषधाचं मात्र ‘इनडिटरमिनेट’, म्हणजे मशीनलाही ठरवता आलं नाही. पुन्हा नमुना द्यायचा.

“औषध चालत नसलं तर?” मी विचारलं.

“तर दुसरी औषधं. जास्त जड, जास्त त्रासाची. काका, कोर्स अर्धवट सोडला की जंतूंना औषध पचवायची सवय लागते. तुमच्यामुळे ज्याला लागण झाली असेल, त्यालाही तेच जंतू.”

शेवटचं वाक्य डॉक्टर सहज बोलून पुढच्या खाटेकडे गेले. मी मात्र तिथंच अडकलो.

त्या संध्याकाळी मी सुशिलाला म्हणालो, “बायबल घरी ने. मंडळीच्या वहीतून आपलं नाव काढायला सांग. झालं माझं.”

ती म्हणाली, “चिठ्ठी तुमीच लिहा. लय लिहिता येतं की तुम्हाला.”

कागद घेतला. ‘पाळकसाहेबांस’ एवढं लिहिलं, तेवढ्यात सिस्टर गोळ्या घेऊन आल्या. मी गोळ्या तळहातावर घेतल्या आणि डोळे आपोआप मिटले. लहानपणापासून काहीही तोंडात घालायच्या आधी उपकार मानायची सवय. सिस्टर म्हणाल्या, “काका, चक्कर यायलीय का?”

मला माझाच राग आला. देवाशी अबोला धरून तास झाला नव्हता. पण डोळे मिटलेच होते, म्हणून सगळी तक्रार तिथंच देवाला सांगितली : पाळकाची, कमिटीची, तिसऱ्या बाकाकडे वळलेल्या मानांची. नोकरीत एक कळलं होतं. ड्रायव्हर उर्मट निघाला तर माणूस डेपोत जाऊन तक्रार करतो, गावाला जायचं सोडत नाही. चिठ्ठी घडी करून उशीखाली ठेवली.

बुधवारी दारात आमच्याच मंडळीतल्या रूथमावशी. वय पंचाहत्तर, तोंडाला मास्क, वर पदर. दर शुक्रवारी त्यांच्या घरी आमची प्रार्थना भरायची. छोटी खोली, थंडीच्या दिवसांत खिडकी बंद, आणि मी मध्ये बसून गळा काढून गायचो.

“मावशी, एवढ्या लांब मला भेटायला आलात!”

“तुला कोण भेटायला यायलंय? माझा खोकला पंधरा दिवस हटंना. थुंकी तपासायला दिली. म्हटलं, आलेच हाय तर तुलाबी बघून जावं.”

तो सगळा दिवस आणि पुढची सकाळ मी माझ्या रिपोर्टसाठी एकदाही प्रार्थना केली नाही. म्हणजे मी फार पुण्यवान असं नाही. माझ्या गाण्यानं ही म्हातारी गेली तर मी कोणत्या तोंडानं उभा राहणार, ही भीती होती. दाराशी चप्पल वाजली की मी उठून बसायचो.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता डॉक्टर आले, तेव्हा रिपोर्टसाठी आलेल्या मावशीही माझ्या खाटेजवळ होत्या. मावशींना टीबी नव्हता, साधा ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनळीची सूज. माझ्या जंतूंवर औषध चालत होतं. कोर्स पहिल्या दिवसापासून पुन्हा.

मी प्याल्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, “टीबी प्याल्यातून पसरत नाही. बंद खोलीत खोकला, गाणं, हवा. खिडक्या उघडा.”

मावशी माझ्याकडून निघाल्या त्या थेट पाळकांच्या घरी गेल्या. काय बोलल्या ते मला आजवर कळलेलं नाही. पाळकसाहेबांनी माफी मागितली नाही. सुशिलाला तीन आठवड्यांनी प्रभुभोजन दिलं, तेही कोणी काही न बोलता. पण चर्चच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या, ज्यांच्या कड्या गंजून बसल्या होत्या, त्या तेल घालून उघडल्या. मी मावशींची माफी मागितली. पाळकसाहेबांना क्षमा केली असं अजून छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तीही रोज गोळीसारखी घेतोय, एखाद्या दिवशी चुकते.

तुमच्यापैकी कोणाला हा आजार झाला तर एवढंच : बरं वाटणं आणि बरं होणं वेगळं. आणि देवाच्या माणसांनी दुखावलं तर देवालाच सांगा. तो ऐकून घेतो, मधे बोलत नाही.

चौथ्या महिन्यात थुंकी स्वच्छ आली. डॉक्टरांची परवानगी घेऊन चर्चला गेलो, खिडकीजवळ शेवटच्या बाकावर बसलो. कोणी हात मिळवला, कोणी मान फिरवली. भक्तीच्या शेवटी पाळकसाहेब क्षणभर थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले, “कोणाला साक्ष...”

मी अर्धा उठलेला होतो.

बायकांच्या बाजूनं रूथमावशींचा आवाज आला, “बस खाली! गोळ्या संपल्यात का तुझ्या?”