फीडिंगची बाटली

"आईला बाहेर पाठवा आधी. ती समोर असली की पोर जास्त रडतं," सिस्टर आजीला सांगत होत्या.

डिंभ्याच्या अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस होता आणि त्या सकाळी हे वाक्य मी चौथ्यांदा ऐकत होते. पुढचंही पाठ झालं होतं. आई दाराबाहेर, पोर आजीच्या मांडीवर आडवं, आजी त्याचे गुडघे दाबून धरणार, सिस्टर मांडीत सुई टोचणार. मग ती किंकाळी ऐकून रांगेतली बाकीची पोरं काही न टोचताच गळा काढणार.

हे बदलायला मला पाठवलं होतं. पदवी नुकतीच हातात पडली होती आणि एका संस्थेत काम मिळालं होतं. जुन्नर-आंबेगावच्या गावांत लसीकरणाच्या दिवशी जायचं आणि सुई टोचताना बाळाला कमी दुखावं म्हणून काय करता येतं, ते आईबापांना शिकवायचं. आडवं निजवू नका, कवेत धरा. आईला जवळ राहू द्या. आणि सुईच्या आधीपासून ती काढेपर्यंत बाळाला पीत राहू द्या. एवढंच. पहिल्या दोन गोष्टी मी नीट सांगायचे. तिसरीपाशी आलं की अडखळायचे. दारात बाप्ये उभे असायचे, आणि कागदावरचा 'स्तनपान' हा शब्द माझ्या इंग्रजी शाळेतल्या तोंडातून निघायचा नाही. मी आपली म्हणायचे, "फीडिंग द्या." सगळ्या माना डोलवायच्या. मला वाटायचं, समजलं.

पाचवा नंबर एका कोवळ्या सुनेचा होता. खांद्यावर अडीच महिन्यांचा मुलगा, सोबत सासू. सासूने आल्या आल्याच बजावलं, "मागल्या टायमाला पोरगं रडून काळंनिळं पडलं व्हतं. आज तसं झालं तर ह्यो शेवटचा डोस. पुन्ना आमी यायचो न्हाई, सांगून ठिवते."

"आजी, असं नसतं करायचं," सिस्टर खाली बघूनच म्हणाल्या. सून बाळाचं टोपरं उगाच सारखं करत राहिली.

मी पुढे झाले. "मागच्या महिन्यात मी सांगितलं होतं ना, फीडिंगचं?"

"व्हय की!" सासूचा चेहरा उजळला. पिशवीतून तिने कोरी करकरीत बाटली काढली, गुलाबी झाकणाची. आत गाईचं दूध. "घोडेगावच्या बाजारातनं मुद्दाम आनली. दुकानदार म्हनला, फीडिंगची हीच."

रांगेत आणखी दोघींच्या हातांत तशाच बाटल्या होत्या. मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? सिस्टर घड्याळ बघत होत्या; दुपारची एसटी चुकली तर दुसरी कधी येईल ते एसटीलाच ठाऊक. सासूने तर माझा शब्द न् शब्द पाळला होता. जुन्नरकडच्या डिंगोऱ्यापासून इथपर्यंत, भरपूर दूध असलेल्या आयांच्या घरी मी बाटल्या पोचवत फिरले होते. आणि एकीनेही विचारू नये, मॅडम, म्हणजे काय? मीही तसलीच. वर्गात कधी हात वर केला नाही.

सासूने बाटली बाळाच्या ओठांना लावली. त्याने तोंड वेडंवाकडं करून दूध बाहेर काढलं.

"मॅडम, गार झालंय वाटतं, चूल पेटवू का?" मागून कुणीतरी म्हणालं. बायका फिदीफिदी हसल्या.

"चला, धरा पाय," सिस्टर म्हणाल्या. सासूने नातवाला मांडीवर आडवं घेतलं, तसा तो कुरकुरला. त्याबरोबर पान्हा फुटून सुनेचं पोलकं पुढून ओलं झालं. पदर ओढून ते झाकत ती मुकाट्याने दाराकडे निघाली.

"थांबा," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की दारातले बाप्येसुद्धा वळले. वळू देत.

"ताई, बाहेर जाऊ नका. इथं बसा, त्याला पदराखाली घ्या आणि अंगावर पाजा. बाटली नाही, तुमचं दूध. तो प्यायला लागला की मगच सिस्टर सुई टोचतील."