हाडावरचा बाण

रामटेके काका रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या बेकरीत पाव घेण्याआधी तो अंगठ्यानं दाबत आणि पुन्हा फुगून वर येईपर्यंत शांत उभे राहत. बेकरीवाला वैतागे. "भैया, खरीदना है कि डाक्टरी करना है?" काका हसत आणि तोच पाव घेत. थर्माकोल, बाटलीचं बूच, स्पंज, काहीही त्यांच्या अंगठ्यातून सुटलं नव्हतं. "आत हवा हाय म्हणून रिकामं समजू नोको," ते म्हणत. "हवेच्या भवतालच्या भिंती पाय. सारं काम त्याईचंच हाय."

ते आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी भंडाऱ्याहून रायपूरला आले, काका इथेच वाढले, दहावीवर थांबले. मी तिथे पीएच.डी. करत होते. हाडाच्या आतला जाळीदार भाग किती दाब सोसतो, हा माझा विषय. मी इथल्याच शंकर नगरची, घरी मराठी बोलणारी, म्हणून काका मला हक्कानं पोट्टी म्हणत.

खाटकाकडून बकऱ्याच्या मांडीची हाडं आणायची, टोकाकडच्या जाळीदार भागाचे फाशाएवढे ठोकळे कापायचे आणि मशीनखाली चिरडायचे, हे माझं रोजचं काम. दोन महिने आकडे काही केल्या जुळेनात. एक ठोकळा चांगला दम धरी, त्याच हाडातला दुसरा निम्म्या दाबातच बसे. मशीन नीट ठेवत नाही म्हणून मी काकांवरच चिडले.

"मशीन बराबर हाय," ते म्हणाले. "तू ठोकळा कोन्त्या बाजूनं ठेवून राहिली?"

"सगळ्या बाजू सारख्याच तर आहेत. काय फरक पडतो?"

काकांनी भांडी घासायची वाळलेल्या गिलक्याची जाळी आणली. उभी धरून दाबली, ती ताठ राहिली. आडवी ठेवून दाबली, ती लगेच चपटी झाली. "बकरी उभी राहते, तं वजन वरून खाली येते. आतली जाळी त्याच हिशेबानं बांधली हाय. कापल्यावर तू वर कोन्तं न् खाली कोन्तं, सारं विसरून जातं. काहून वं?"

हे पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं. हातात ठोकळा आल्यावर मात्र सुचलं नाही, याची लाज आजही वाटते. त्या दिवसापासून काका प्रत्येक हाडावर कापण्याआधी बाण काढून देऊ लागले, वजन ज्या दिशेनं येतं त्या दिशेचा. आकडे जुळायला लागले.

मी शोधनिबंध लिहायला घेतला, तेव्हा एकदा डबा खाताना त्यांनी विचारलं, "पेपरात माहं नाव येईन का वं? कोपऱ्यात कुठं. माही पोट्टी भिलाईहून फोन करते न् विचारते, पापा, आप वहाँ करते क्या हो? कुलूप उघडतो, इतकंच सांगता येते मले."

"येईल ना काका, नक्की," मी म्हटलं.

आलं नाही. माझ्या गाइड सरांनी नको म्हटलं असतं, अशी मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मी सरांना विचारलंच नाही. दहावी झालेल्या अटेंडंटनं माझी चूक दाखवली, हे कागदावर यायला मला नको होतं. इतकी साधी आणि इतकी हलकी गोष्ट होती ती. गेल्या हिवाळ्यात काका गेले. आता माफी तरी कुणाची मागू?

पेपर छापून आल्याचं कळताच त्यांनी प्रत मागितली होती. चष्मा लावून ते खुर्चीत बसले. पहिल्या पानावर सरांचं नाव, माझं नाव. त्यावरून बोट फिरवत ते शेवटच्या पानाकडे गेले. इंग्रजी ते अक्षराला अक्षर लावून वाचत. आभाराच्या ओळीत त्यांचं बोट थांबलं. तिथे 'लॅब स्टाफ' असे दोन शब्द होते.

"हे स्टाफ म्हंजे मीच न?"

आमच्या प्रयोगशाळेत स्टाफची पाच माणसं होती.

"हो काका," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, त्या शब्दांच्या शेजारी आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि भिलाईला न्यायला कागदाची घडी करून खिशात ठेवली.