शाबूत राहिलेला नंबर

चिखलीच्या टायपिंगवाल्यानं मला फसवलं. हातगाडीवरून सुरुवात करून उभी केलेली माझी टपरी हटवायची नगरपालिकेची नोटीस आली, तेव्हा माझी हरकत त्यानंच टाइप करून ईमेलला जोडली. कार्यालयानं ती ‘वाचता येत नाही’ म्हणून फेटाळली. फाइल उघडली, तर पानभर प्रश्नचिन्हं.

मी दुकानात ओरडत होतो. झेरॉक्ससाठी थांबलेले एक अनोळखी गृहस्थ उठले. चष्मा कपाळावर सरकवून, कॉम्प्युटरच्या पडद्याला न टेकवता, ते ओळींवरून बोट फिरवू लागले.

“अक्षरं वापस आणा न,” मी म्हणालो.

“वेडीवाकडी दिसली असती तं आणली असती, भाऊ. प्रश्नचिन्ह झालं म्हंजे अक्षर राह्यलंच नाही.”

त्यांनी नव्या फाइलीत दोन मराठी शब्द लिहून ती टायपिंगवाल्याच्याच पद्धतीनं सेव्ह केली. अक्षरं जातील, चालेल का, असं कॉम्प्युटरनं विचारलं.

“हे तं नेहमीच विचारते,” टायपिंगवाला म्हणाला. “मी ओके दाबतो. लोक फाइल बंद करायच्या आधीच प्रिंट नेतात, त्यात बराबर येते.”

पुरा ऐकल्याशिवाय मी कधी सौद्याला हो म्हटलं नाही. माझ्या वतीनं यानं हो म्हणून टाकलं. मग चोर कोण, हा की कॉम्प्युटर, मला कळेना.

गृहस्थांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. “इंग्रजी आकडे तेवढे शाबूत राह्यले. हा तुमचाच मोबाइल नंबर न?”

हो, माझाच. ते झेरॉक्स घेऊन गेले. नाव विचारायचं राहिलं.

टायपिंगवाल्याचं मी बघून घेईन. पण नंबर समोर असताना एक फोन न करता माझी हरकत फेटाळली कोणी, हे कार्यालयानं मला लेखी कळवावं.