सहा चित्रांत आप्पांचा निकाल

आमचे आप्पा दोनदा गेले. त्यातल्या पहिल्या खेपेला जबाबदार मी.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी ठाण्याच्या नौपाड्यातून रोज दादरला, एका कार्टूनपटांच्या कचेरीत उमेदवारी करायला जात असे. शिकायचा होता स्टोरीबोर्ड. म्हणजे चित्रं पडद्यावर हलायला लागण्याआधी सगळी गोष्ट छोट्या छोट्या चित्रांत काढायची आणि ओळीनं फळ्यावर टाचायची. (आई शेजारी सांगायची, "वसंता बोर्डात लागलाय." लोकांना वाटायचं, म्युनिसिपालिटीत!) आमचे साहेब म्हणत, "शब्द वापरलास की हरलास. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही गोष्ट कळली पाहिजे."

तसं माणूस आमच्या नात्यातच होतं. टिटवाळ्याची आत्या, आप्पांची धाकटी बहीण.

त्याच सुमारास माझ्या बहिणीचं, कुसुमचं, कल्याणला जमलं. साखरपुडा गुरुवारी, आमच्याच अंगणात. आप्पा म्हणाले, "वसंता, आत्याला पत्र टाक."

"पत्र कशाला? चित्रं पाठवतो. वाचून घ्यायला कुणाच्या दारात जायला नको तिला!"

"अरे, खाली दोन ओळी तरी लिही."

"आप्पा, तुम्हाला यातलं कळत नाही."

चित्रं सहा काढली. पहिल्यात कल्याणचे पाहुणे सतरंजीवर बसलेले. (हसरे चेहरे मला तेव्हा जमत नसत. आताही नाहीत.) दुसऱ्यात कुसुम लाजून, पदरात तोंड लपवून. तिसऱ्यात आप्पा, पोरीची काळजी मिटली म्हणून निवांत आडवे, डोळे मिटलेले, हात छातीवर. चौथ्यात मांडवासाठी बांबू घेऊन येणारे चौघे. पाचव्यात भटजी, हार आणि नारळ. सहाव्यात गाडीतून उतरणारी आत्या. आप्पांच्या मिशा अगदी हुबेहूब उतरल्या होत्या! पाय मात्र जमेनात. ते पुन्हा पुन्हा काढता काढता पाकीट टपालात पडायला बुधवार उजाडला.

गुरुवारी दुपारी मांडवात पाहुणे बसले. मुलाचे वडील शाळामास्तर, आई करारी. भटजींनी सुरुवात केली, आणि फाटकाशी तीन टांगे येऊन थांबले. आतून आत्या उतरली, तिच्यामागून टिटवाळ्याची अकरा माणसं, आणि त्यांच्याही आधी आवाज आला.

"दादाऽऽ! मला न भेटताच गेलास रेऽऽ!"

जरीची टोपी घातलेले आप्पा धावत फाटकाशी गेले. "अगं, कोण गेलं?"

आत्यानं मान वर केली. "तू!" असं म्हणाली आणि सरळ टांगेवाल्याच्या अंगावर कोसळली.

इकडे मुलाची आई ताडकन उठली. "चला, उठा! शुभकार्यात ही रडारड? मला नाही करायचं इथे!" कुसुम पदरात तोंड घालून खरोखरच रडायला लागली. (चित्र आता बरोबर जमलं होतं.)

पाणी मारल्यावर आत्या शुद्धीवर आली आणि कमरेची सहाही चित्रं काढून मांडवात आपटली. "मी काय वेडी आहे? हे बघा! सगळ्या आळीनं बघितलंय!"

मास्तरांनी चष्मा लावला आणि पेपर तपासावेत तशी चित्रं हातात घेतली.

"माणसं सुतकी चेहऱ्यानं बसलीत," ते मोठ्यानं वाचू लागले. "मुलगी रडतेय. गृहस्थ आडवे. मिशीवरून ओळख पटली. बांबू आले. भटजी आले." मग बायकोकडे वळून म्हणाले, "अगं, यात या बाईंचं काय चुकलं? मी तर परस्पर स्मशानात गेलो असतो!"

पहिल्यांदा मुलगा हसला. मग कुसुम. मुलाच्या आईसाहेब तरी उभ्याच होत्या. तेव्हा आपण जिवंत असल्याची खात्री पटवायला आप्पांनी त्यांच्यासमोर एकापाठोपाठ एक सात पेढे खाल्ले. सातव्याला त्यांना ठसका लागला, आत्यानं पुन्हा गळा काढला, आणि आईसाहेब हसत हसत खाली बसल्या! साखरपुडा झाला. रडायला आलेली बारा माणसं पोटभर जेवली. भात संपला, तो माझ्या वाटणीचा.

पुढे मी या धंद्यात तीस वर्षं काढली. पण आत्या होती तोवर तिला दाखवल्याशिवाय एकही स्टोरीबोर्ड साहेबांपुढे ठेवला नाही. ती चित्रं मांडीवर घेई, चष्मा पुसे आणि पहिला प्रश्न ठरलेला:

"हं, यात कोण गेलं?"

आणि खरं सांगतो, निम्म्या वेळा मलाही खात्री नसायची!