याकोबाच्या पत्रावर कार्यवाही

बडेबाबू बायबल वाचत तेव्हा अध्याय संपला की समासात बारीक सही ठोकत आणि खाली तारीख टाकत. देवाच्या शब्दावर शेरा मारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्यांचा जन्म तहसील कचेरीत गेला होता, शेवटची वर्षं हेडक्लार्क म्हणून. हेडक्लार्कला आमच्याकडे बडेबाबू म्हणतात. निवृत्त झाल्यावर इतरांची बाबूगिरी हळूहळू उतरते. यांनी ती थेट पुसदच्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत आणली आणि दर रविवारी, प्रार्थनेनंतरच्या अभ्यासवर्गात, आमच्यावर काढली.

अभ्यासाला त्यांनी याकोबाचं पत्र घेतलं. बायबलच्या शेवटाशेवटाला येणारं, जेमतेम पाच अध्यायांचं. आमचे पाळकसाहेब ते दोन रविवारांत उरकत असत. बडेबाबूंना साडेतीन वर्षं लागली. त्यांच्या मते ते पत्र नव्हतंच, परिपत्रक होतं. "पाहा, वरतं काय लिवलं हाय? पांगलेल्या समद्या लोकायले. म्हन्जे आपल्यालेबी प्रत हाय. अन् थे माहितीस्तव नाई, कार्यवाहीस्तव!" एका रविवारी दोन-चार ओळी वाचायच्या आणि पुढच्या रविवारी चष्मा काढून विचारायचं, "वाचलं. मंग कार्यवाही काय केली?" कोणी म्हणालं, "विचार केला," की ते वहीत त्याच्या नावापुढे 'विचाराधीन' लिहीत. आमची निम्मी मंडळी वर्षानुवर्षं विचाराधीन होती. मी त्यात होतेच.

जिभेला आवर घालण्याबद्दल त्या पत्रात बरंच काही आहे. तिथे पोचल्यावर बडेबाबूंनी आदेश काढला की आठवडाभर कोणाच्या पाठीमागे कोणाबद्दल बोलायचं नाही. त्या आठवड्यात महिला मंडळाची दोन तासांची सभा दहा मिनिटांत आटोपली. ऊन आणि कापसाचा भाव एवढेच विषय उरले, आणि भाव तर पडलेलाच होता, त्यावर किती बोलणार? बडेबाबू स्वतः मात्र तिसऱ्याच दिवशी माझ्या दारात उभे. कोण कोण आदेश मोडून राह्यलं, हे मला नावानिशी सांगून गेले.

खुर्च्यांचं प्रकरण तर गावभर झालं. अंगठ्या घातलेल्या माणसाला मानाची जागा आणि फाटक्याला पायाशी, असं करू नका, असं याकोब सांगतो. नेमके त्याच नाताळात कापसाच्या जिनिंग कारखान्याचे शेठ आमच्या कार्यक्रमाला यायचे होते. पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी सोफा मागवला होता, कारण शेठ मंडळीच्या हॉलला पंखे देणार अशी कुणकुण होती. बडेबाबूंनी सोफा दारातूनच परत पाठवला आणि सगळ्यांना सतरंजीवर बसवलं. शेठ मांडी घालून पाऊण तास बसले, दोघांनी धरून उठवलं तेव्हा उठले, आणि पंख्यांचं नाव न काढता गेले. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही याकोबाची शिकवण घाम पुसत पाळली. पाळकसाहेब काही बोलले तर बडेबाबू म्हणत, "कायले चिडता? आदेश माहा नोहे, वरून आला हाय."

थंडीने काकडणाऱ्याला 'ऊब घे हो' आणि भुकेल्याला 'पोटभर जेव' असं नुसतं तोंडाने सांगणाऱ्यांची याकोबाने चांगलीच फजिती केली आहे. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात अशा माणसांचा तुटवडा नव्हता. बोंडं अळीने खाल्ली की गाड्या यायच्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरायची, धीर धरा म्हणायची, फोटो काढून परत जायची. बडेबाबू त्यांना यथेच्छ हसत. आम्हीही हसत असू. आपण गाडीतून येत नाही, एवढ्यावरच आपण वेगळे आहोत असं आम्हाला वाटे.

दर गुरुवारी पाळीपाळीने एकेका घरी प्रार्थना होत असे. घरवाल्यांनी चहा करायचा, सर्वांनी गाणी म्हणायची. पाळ्यांची यादी बडेबाबूंकडे. यादीत शेवटचं नाव कौसाबाईचं. ती नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. तिचा नवरा महादू फवारणीची कामं करी. एका हंगामात ते औषध डोळ्यांत आणि छातीत गेलं. दिसेनासं झालं, चार पावलं चाललं की धाप लागू लागली. त्याला हॉलपर्यंत येणं शक्य नव्हतं, म्हणून आपल्या घरी प्रार्थना व्हावी एवढंच कौसाबाईचं मागणं होतं.

पण यादी तिच्या नावापर्यंत आली की काहीतरी व्हायचंच. कधी नवीन वर्षाची नवीन यादी लागे, कधी सण येई, आणि काहीच नसलं तर नाला होताच. जुलैत त्याला पाणी असायचं हे खरं. पण मार्चमध्ये त्यातून बकऱ्या चालत जायच्या, तरी आमचा नाला भरलेलाच. आम्ही सगळे ख्रिस्तात भाऊ-बहिणी होतो, आणि कोणता भाऊ कोणत्या वस्तीतून आला हे प्रत्येकाला तोंडपाठ होतं. त्या घरच्या चहाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. जे काढलं ते नाल्याबद्दलच. आणि दर वेळी 'पुढील तारखेस' असं लिहून खाली सही बडेबाबूंचीच.

साडेतीन वर्षांनी पाचवा अध्याय आला. तुमच्यात कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी येऊन त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असं त्यात आहे. पुढच्या रविवारी बडेबाबूंनी चष्मा काढून नेहमीचा प्रश्न टाकला. कौसाबाई कधी बोलत नसे. त्या दिवशी ती मागून उभी राहिली.

"बाबू, आमी कार्यवाही केली. बिमार मानसानं बोलवावं म्हन्ते, आमी सहा सालापासून बोलवून राह्यलो. आता तुमी काय केलं थे सांगा."

पाळकसाहेबांनी लगेच शेवटचं गाणं सुरू करायला घेतलं. बडेबाबूंनी हात वर करून त्यांना थांबवलं. वही उघडली, मागची पानं चाळत गेले, बराच वेळ. मग वही मिटली, चपला घातल्या आणि ते भर उन्हात नाल्याच्या दिशेने निघाले. कौसाबाईला त्यांना गाठायला पळावं लागलं. त्यांच्या मागून आणखी चौघं गेली. मी गेले नाही. मला शाळेच्या उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या, निदान मी तसं सांगितलं.

तिथे काय झालं ते मला नंतर कौसाबाईनेच सांगितलं. बडेबाबू महादूच्या बाजेवर बसले, त्याच्या कपाळाला तेल लावलं, प्रार्थना केली. मग साडेतीन वर्षं पुरवून पुरवून वाचलेलं पत्र एका बैठकीत, पाचही अध्याय, त्याला वाचून दाखवलं. चहा दोनदा घेतला. महादूने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कवाचं हाय हे पत्र?"

"लय जुनं हाय. हजारो वर्साचं."

"मंग इथं याले एवढा टाइम काहून लागला?"

बडेबाबू म्हणाले, "माह्या टेबलावर पडून होतं, बाप्पा." आणि रडले. सरकारी कागदासारखा कोरडा तो माणूस रडला, यावर माझा आधी विश्वासच बसला नाही.

त्यानंतर अभ्यासवर्गात ते प्रश्न विचारेनासे झाले. दर गुरुवारी, यादीत नाव कोणाचंही असो, संध्याकाळी आधी महादूकडे जात आणि मग इकडे येत. आमच्याकडे उशिरा पोचत, त्याबद्दल आम्ही कुरकुरही केली. दोन वर्षांनी ते झोपेतच गेले. मातीला अख्खं पुसद लोटलं होतं. महादू कौसाबाईच्या खांद्यावर हात ठेवून, थांबत थांबत, पूर्ण वाट चालून आला होता. त्याला पाहून मला बडेबाबू गेल्याचं दुःख झालं त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी मी त्याच्या घरी गेले. पहिल्यांदाच. नाला कोरडा होता. कौसाबाईने माझं नाव सांगितलं तेव्हा महादू बाजेवर सरकून बसला आणि त्याने माझ्यासाठी जागा केली.

"या बाई, बसा," तो म्हणाला. "घर सापडाले तरास नाई झाला ना?"

"नाही," मी म्हटलं. माझ्या गच्चीवरून ते घर दिसतं, हे मी त्याला सांगितलं नाही.