गावजेवणाचे अकरा टोप आणि देवळामागचा खड्डा

अकरा टोप. जर्मनचे, हातभर उंचीचे, गावजेवणाचे अकरा टोप... आणि ते म्हणे खड्डा मारून पुरायचे! माणूस गेला तर आपण जाळतो आणि टोपांना माती द्यायची. हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते मला माहीत आहे. वाचतायत ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कापडे गावाच्या वर डोंगरात आमची वाडी. लग्न असो नाहीतर उत्सव, सगळ्या वाडीचा भात गावकीच्या टोपांत शिजतो. यंदा मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईला राहणाऱ्या आमच्याच वाडीवाल्यांनी, नवे टोप पाठवले, चांगलं केलं. जुन्यांची बुडं गेली होती, ठिगळं तरी किती मारणार.

देवळात मिटिंग झाली. मी म्हटलं, भंगारात द्या, वितळून दुसरं काहीतरी होईल. तर आमच्या गावकीचे पुढारी बाळू भावजी उठलेच... "वैनी, देवाचा निवद शिजला त्यात. ते काय बाटल्यांसंगती भंगारवाल्याच्या गाडीत जाणार? आन् वाडवडलांची नावं हायत त्यावर."

टोप देणाऱ्याचं नाव काठावर कोरलेलं असतं, ते. सगळ्यांनी माना हलवल्या आणि देवळामागे पुरायचं ठरलं. मी म्हटलं, "मग वर तुळस पण लावा." कोणी हसलं नाही.

माझा भाचा बिरवाडीला खोली घेऊन राहतो, ॲल्युमिनियमच्या भट्टीवर कामाला आहे. जर्मनचं भांडं म्हणजे तेच ॲल्युमिनियम. त्याला फोन लावला, म्हटलं तू शिकलेला, मला नीट समजव, मिटिंगमध्ये तोंड उघडायला काहीतरी पाहिजे. तर म्हणतो, "मावशी, फोनवर नाय कळायचं. ये बघायला."

गेले परवा. भट्टीच्या दारात उभी राहिले, आत जाऊ देत नाहीत. वाकडी ताटं, खिडकीच्या पट्ट्या, चेपलेले डबे एका बाजूने आत जातात आणि दुसरीकडून चकचकीत लाद्या बाहेर येतात. त्यातून परत नवीन वस्तू...

मला समजलं ते असं. कोरं ॲल्युमिनियम जमिनीतल्या लाल दगडातून काढतात. आधी डोंगर खणा, मग दगड धुवा, मग वीज लावून त्यातून धातू सोडवा. त्याला एवढी वीज लागते की तेवढ्यात जुनं भांडं वीस वेळा वितळून होईल.

आणि आपल्याकडे ती वीज बहुतेक कोळसा जाळून येते. त्याचा धूर वर जाऊन बसतो आणि गरमी वाढवतो. मग पाऊस कसा चार दिवसांचा एका दिवसात कोसळतो, ते डोंगराखाली झोपणाऱ्या माणसांना मी काय सांगू...

म्हणजे आपण इथे अकरा टोप पुरले की तिकडे कुठेतरी अकरा टोपांचा दगड नव्याने खणणार. चौथी शिकलेल्या बाईला कळलं हे. अकरा टोपांनी काय जगाची गरमी कमी होते, असं कोणीतरी विचारेलच. नाही होत. पण म्हणून चांगला धातू मातीत घालायचा?

परत आल्यावर कोणाला न विचारता हातोडी घेऊन देवळात गेले. भाच्याने सांगितलं होतं, लोखंडी कड्या काढून द्या. एकेक कडी उडवत चालले होते... आठवा टोप फिरवला आणि हात थांबला. सासऱ्यांचं, आमच्या मामांचं नाव.

माझ्या लग्नाचा भात त्यात शिजला होता. खरं सांगते, तो टोप मी उचलला आणि घरी घेऊन आले. दहा भट्टीत आणि आमचा एक माळ्यावर! भावजींना एवढं बोलले आणि स्वतः काय केलं...

सासूबाई पडवीत बसल्या होत्या. "काय गो त्ये?"

"मामांचा टोप."

"भोक हाय ना त्याला?"

"हाय."

"मंग काय शिजवणार हायस त्यात? माझं डोकं?"

मग टोप जवळ ओढून घेतला. काठावरून बोट फिरवत सांगायला लागल्या. एका लग्नात भात कमी पडला, अर्धी पंगत उपाशी उठली. ते मामांना लागलं आणि त्यांनी हा टोप आणून दिला. "मानसांनी जेवावं म्हनून दिला गो. नाव त्या दुकानवाल्यानं घातलं. ह्यांना वाचाया तरी कुठं येत व्हतं?"

टोप परत देवळात नेऊन ठेवला. कडी मात्र सासूबाईंनीच काढली, ऐंशीच्या घरातली बाई, तीन घावांत. सून म्हणून आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर लिहिते... आई, तुमच्यामुळे मी शहाणी झाले.

हे सगळं बाळू भावजींच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "खड्डा आर्धा झालाय वैनी. मंडळ हो म्हनालं तर हितंच थांबवतो, माझी ना नाय." नावांचंही ठरलं. अकराही नावांचे फोटो मी काढलेत, देवळाच्या भिंतीवर रंगाने लिहून घेऊ.

आता राहिलं मुंबई मंडळ. मंडळाच्या ग्रुपवर चार वेळा लिहिलं, प्रत्येक वेळी सगळ्यांचे अंगठे येतात. अंगठ्याचा अर्थ काय धरायचा, पुरा की पाठवा?

मंगळवारी भट्टीचा टेम्पो कापड्यापर्यंत येतोय. टोप डोक्यावरून खाली उतरवायला बायका तयार आहेत. अध्यक्ष, चिटणीस, जे कोणी असाल ते... रविवारी संध्याकाळपर्यंत मला "हो" नाहीतर "नाही" पाहिजे. अक्षरात लिहा आणि खाली आपलं नाव घाला.